रक्तातला पुरावा

१ मे १९९९ पर्यंत आमचा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. म्हणून ९ जानेवारी २०२१ ची पहाट इथे कुणाला परक्या गावची वाटली नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. तीन भाजून, सात धुराने गुदमरून, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले. राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपये जाहीर केले. ही मदत. भरपाई वेगळी, ती मागावी लागते आणि मागणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो. विषारी धुराच्या बाबतीत गाडे अडते ते इथे.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेव्हा केंद्रीय विधिमंडळात होते. मूळ यादीत व्यवसायजन्य रोग तीनच : अँथ्रॅक्स, शिशाची आणि फॉस्फरसची विषबाधा. कोळशाच्या वायूने भोवळ येऊन पडलेल्याला 'अपघात' सिद्ध करणे भाग होते. पुढे कार्बन मोनॉक्साइड तिसऱ्या परिशिष्टाच्या 'ब' भागात आला, पण अटीसह : सलग सहा महिने त्या कामावर असाल, तरच आजार कामातून झाला असे गृहीत धरले जाईल. नाहीतर सिद्ध करा. आमच्याकडच्या राईस मिलच्या भट्टीवर हंगामापुरता राबणारा माणूस हे सहा महिने आणणार कुठून?

त्यात हा वायू साक्ष ठेवत नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो खरा. पण रुग्ण मोकळ्या हवेत आला की चार-सहा तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. प्राणवायू लावला तर त्याहून लवकर. जीव वाचवणारा उपचारच पुरावा पुसतो! आणि काहींची स्मरणशक्ती ढासळते, पाय अडखळतात ते बरे होऊन घरी गेल्यावर, काही आठवड्यांनी.

दाव्याला कायद्याने मुदत दिली दोन वर्षांची. घरातल्या सदोष गॅस गिझरमुळे बाधा झाली तर ग्राहक आयोगाचे दार आहे. तिथेही दोनच वर्षे. दोन्हीकडे विचारणा व्हायची ती केसपेपराचीच : रक्त किती वाजता घेतले आणि त्याआधी प्राणवायू किती वेळ दिला होता?