घरात जन्मलेली पुस्तके

उर्दू कायदा, म्हणजे मुलांचे पहिले अक्षरपुस्तक, उघडले की अलिफसमोर अनार असते. मराठी अंकलिपी उघडली की 'अ'समोर अननस असतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुसलमान घरांत ही दोन्ही पुस्तके एकाच कोनाड्यात सापडतात. अनार दादीने शिकवलेले असते, अननस शाळेतल्या बाईंनी. मुलाची त्याबद्दल काहीच तक्रार नसते, दोन्ही फळे त्याला सारखीच आवडतात.

अडचण थोडी पुढे सुरू होते. अक्षरे संपून गोष्टी आल्या की गोष्टीतली आई कशी आहे, ती मुलाला काय म्हणून हाक मारते, त्या घरात सकाळ कशी होते, हे मूल न्याहाळू लागते. उर्दू गोष्टीत त्याला आपले घर सापडते, पण मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाची उर्दू बहुधा कायद्यापाशीच थांबलेली असते. मराठी त्याला झरझर वाचता येते, पण तिथे अम्मी भेटते ती बहुतेक वेळा ईदच्या धड्यापुरती. सणाचा धडा संपला की ती पुस्तकातून निघून जाते. ही कोंडी सोडवायची तर उर्दूत मुलांची पुस्तके कशी जन्मली हे एकदा नीट पाहायला हवे. हा इतिहास आपल्या वारशाचा आहे आणि त्यात आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

मुलांच्या पुस्तकात चित्र असावे का, असा संकोच आजही काही घरांत असतो. त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. आपले पंचतंत्र इराणात पहलवी भाषेत गेले आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा यांनी ते 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत आणले. त्यांच्या प्रस्तावनेतच प्राण्यांच्या रंगीत चित्रांचा आणि त्यांनी होणाऱ्या आनंदाचा उल्लेख येतो. तेराव्या शतकापासूनच्या तिच्या सचित्र अरबी प्रती आजही जपून ठेवलेल्या आहेत. पुढे हेच पुस्तक फारसीत 'अन्वारे सुहैली' झाले. 1570 साली तयार झालेली त्याची सचित्र मोगल प्रत आज लंडनमध्ये आहे. ही फारसी फार अवघड वाटली म्हणून अकबराने अबुल फजलकडून सोप्या भाषेत ते पुन्हा लिहवून घेतले. म्हणजे सिंह, कोल्हा आणि कासव यांच्या गोष्टी, सोबत चित्रे आणि वाचणाऱ्याला झेपेल अशी भाषा, हा विचार आपल्याकडे कोणी बाहेरून आणून दिलेला नाही.

अर्थात ती पुस्तके दरबारातली. सामान्य घरातल्या मुलाच्या हाती पुस्तक यायला छापखाना यावा लागला. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही पुस्तके 1828 च्या सुमारास छापली गेली. उर्दूची वाट जरा वेगळी होती. नस्तालीक लिपीची वळणे शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसत, म्हणून उर्दूने शिळाछाप स्वीकारला. कातिब तेलकट शाईने कागदावर लिही, ते लेखन दगडावर उतरवले जाई आणि त्यावरून प्रती निघत. हाताने लिहिलेले जसेच्या तसे छापले जात असल्यामुळे अक्षर आणि वेलबुट्टी एकाच दगडावर काढता येई. 1858 मध्ये लखनौत सुरू झालेल्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने याच तंत्रावर कुरआनाच्या प्रतींपासून किस्से-कहाण्यांपर्यंत सारे स्वस्तात घरोघर पोहोचवले. मालक हिंदू, वाचक मुसलमानही आणि हिंदूही.

तरीही मुलांसाठी मुद्दाम लिहिलेली पुस्तके फारशी नव्हती, हे एका बापाच्या लक्षात आले. हे म्हणजे डेप्युटी नझीर अहमद. दिल्ली कॉलेजात शिकलेले, शाळाखात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर आणि नंतर डेप्युटी कलेक्टर झालेले गृहस्थ. आपल्या मुलांना वाचायला देण्यासारखे घरात काही नाही, म्हणून त्यांनी स्वतःच लेखणी उचलली. थोरल्या मुलीसाठी 'मिरातुल उरूस', धाकटीसाठी 'मुंतखबुल हिकायात' आणि मुलगा बशीर याच्यासाठी 'चंद पंद'. पुस्तक पूर्ण करून द्यायचे असे नव्हतेच. थोडी थोडी पाने लिहायची, मुलांनी ती वाचून संपवायची आणि पुढची मागायची. लहान लहान भागांची, नव्या वाचकाच्या दमाने चालणारी गोष्ट ती हीच.

ही पाने घराबाहेर कशी पडली, तो किस्सा खुद्द नझीर अहमद सांगत असत. शिक्षणखात्याचे संचालक केम्पसन दौऱ्यावर असताना त्यांना तट्टावर बसलेला छोटा बशीर भेटला. तू काय वाचतोस, असे साहेबांनी विचारले. बशीरने आपले पुस्तक सांगितले आणि बहिणींची पुस्तके याहून चांगली आहेत असेही सांगून टाकले. साहेबांनी ती मागवून घेतली. वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम म्यूर यांनी चांगल्या देशी पुस्तकांना बक्षिसे देण्याची योजना 1868 मध्ये जाहीर केली होती. 'मिरातुल उरूस' 1869 मध्ये आले. त्याला 1000 रुपयांचे बक्षीस मिळाले, म्यूर यांनी आपल्यातर्फे घड्याळ दिले आणि सरकारने 2000 प्रती विकत घेतल्या.

या पुस्तकाचे मोठेपण मान्य करून त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात अकबरी आणि असगरी अशा दोन बहिणी आहेत. अकबरी सगळे चुकते, असगरी सगळे बरोबर करते. वाचणाऱ्या मुलीला विचार करायला जागाच उरत नाही, निकाल आधीच लागलेला असतो. याच लेखकाच्या 'तौबतुन्नसूह' मध्ये तर बाप आपल्या मोठ्या मुलाची पुस्तके जाळून टाकतो आणि लेखक बापाच्या बाजूने उभा राहतो. लहानांसाठी लिहायचे म्हणजे उपदेश करायचा, ही समजूत तिथे पक्की झाली. मराठी बालवाङ्मयही त्या काळी याच वाटेने चालले होते.

उपदेशाचे हे ओझे कमी केले ते मेरठच्या एका शाळामास्तरांनी. मौलवी इस्माईल मेरठी (1844–1917) यांनी आयुष्य शाळेत काढले आणि उर्दूची क्रमिक पुस्तके तयार केली. त्यांच्या कविता आणि धडे पाणचक्कीवर आहेत, पावसाच्या पहिल्या थेंबावर आहेत, दारातल्या गाईवर आहेत. जे मूल रोज पाहते तेच पुस्तकात आले आणि ते बोलण्यातल्या सोप्या उर्दूत आले. गाईवरची ही कविता उर्दू शाळांतल्या पिढ्यान्पिढ्यांच्या तोंडी राहिली, हे आजच्या दिवसांत मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर एक आई आली. लाहोरच्या मुहम्मदी बेगम यांनी पती सय्यद मुमताज अली यांच्यासोबत 1898 मध्ये 'तहजीबे निस्वाँ' हे स्त्रियांचे साप्ताहिक सुरू केले आणि त्याचे संपादन केले. मुलगा इम्तियाज झाल्यावर त्यांनी त्याच्यासाठी लिहायला घेतले. 'इम्तियाज पच्चीसी', 'ताज फूल', 'ताज गीत' या पुस्तकांच्या नावांतच लेकाचे नाव गुंफलेले आहे. 1908 मध्ये ऐन तारुण्यात त्या गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या पतीने 'फूल' हे मुलांचे साप्ताहिक काढले आणि ते जवळजवळ अर्धशतक चालले. त्याच्या पहिल्या संपादक नज्र सज्जाद हैदर या. ज्याच्यासाठी ही पुस्तके लिहिली गेली तो मुलगा म्हणजे 'अनारकली' नाटकाचे लेखक इम्तियाज अली ताज. त्यांनी पुढे चचा छक्कन हा गमतीदार काका उभा केला आणि उर्दू मुलांना खळखळून हसवले. पहिल्या संपादकबाईंची मुलगी म्हणजे कुर्रतुलऐन हैदर. त्यांनीही लहान वयात 'फूल' मध्येच लिहायला सुरुवात केली. पुढे मुंबईत राहून त्यांनी पत्रकारिता केली, मोठ्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि मुलांसाठी रशियन प्राणिकथाही उर्दूत आणल्या. मुलांच्या एका साप्ताहिकाने भाषेला काय दिले, याचा हिशोब एवढ्यावरून करता येईल.

तिसरा टप्पा जामिया मिल्लियाचा. 1920 मध्ये अलीगढला स्थापन झालेली ही संस्था 1925 मध्ये दिल्लीला आली. सरकारी मदत नाही, पैसा नाही. शिक्षकांनी 20 वर्षे दरमहा 150 रुपयांहून जास्त पगार न घेण्याची प्रतिज्ञा केली. अशा फाटक्या संसारातही 'पयामे तालीम' हे मुलांचे नियतकालिक निघाले आणि मकतबा जामियाने मुलांची पुस्तके छापली. जर्मनीहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू बाई तिथल्या लहान मुलांत रमल्या. सगळे त्यांना आपाजान म्हणत. 1943 मध्ये त्या वारल्या आणि जामियाच्याच कबरस्तानात विसावल्या.

संस्थेचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन मुलांसाठी गोष्टी लिहीत, पण स्वतःच्या नावाने नव्हे. त्यांची चिमुकली रेहाना लहानपणीच वारली होती. गोष्टींवर त्यांनी रुकय्या रेहाना हे नाव घातले. या गोष्टींतली सर्वांत गाजलेली म्हणजे 'अब्बू खाँ की बकरी'. मूळ गोष्ट फ्रेंच लेखक आल्फोन्स दोदे यांची. मालकाकडून निसटून बकरी डोंगरात जाते, रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि सकाळी मरते. दोदे ही गोष्ट धाकासाठी सांगतात, फार स्वातंत्र्य मागाल तर असे होईल म्हणून. झाकिर हुसेन यांनी ती अल्मोड्याच्या डोंगरात आणली, बकरीला चाँदनी हे नाव दिले आणि शेवट बदलला. झाडावरची पाखरे वाद घालतात की जिंकले कोण. बहुतेकांच्या मते लांडगा. एक म्हातारी चिमणी मात्र हट्टाने म्हणत राहते, चाँदनी जिंकली.

नझीर अहमद यांच्या असगरीपासून या चाँदनीपर्यंत उर्दू बालवाङ्मय केवढे पुढे आले ते पाहा. इथे निकाल मुलाच्या हाती सोपवला आहे. आणखी एक गोष्ट. चाँदनी झुंजत असते तेव्हा खालच्या मशिदीतून फजरची अजान ऐकू येते. ती अजान धडा शिकवायला आलेली नाही की कुणाला इस्लामची ओळख करून द्यायला आलेली नाही. त्या गावात पहाट तशी होते, एवढेच. आपल्या मुलाला पुस्तकात आपले घर दिसावे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

हेच झाकिर हुसेन 1937 मध्ये वर्ध्याला आले होते. गांधीजींनी बोलावलेल्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमची योजना आखणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि त्या योजनेत शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा स्पष्ट आग्रह होता. ज्याच्या घरी दखनी किंवा कोकणी बोलली जाते आणि ज्याचे वाचन मराठीत होते, त्या आपल्या मुलाचा विचार करताना हा आग्रह आठवला पाहिजे. उर्दूचा वारसा जपायचा म्हणजे मराठीकडे पाठ फिरवायची, असा अर्थ त्यातून निघत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये दिल्लीहून 'खिलौना' मासिक निघाले आणि ऐंशीच्या दशकापर्यंत त्याने उर्दू मुलांना वाढवले. मुंबईत राहणाऱ्या मोठ्या लेखकांनीही मुलांसाठी लिहिणे कमीपणाचे मानले नाही. कृष्णचंदर यांची 'उलटा दरख्त' आणि इस्मत चुगताई यांची 'तीन अनाडी' या छोट्या कादंबऱ्या त्याची साक्ष आहेत. इकडे मराठीत 1971 पासून बालभारतीचे 'किशोर' आले आणि पुढे माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने घरातले साधे रोजचे जगणे मराठी चित्रपुस्तकात आणले. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने नीना सबनानी यांचे 'मुकुंद आणि रियाझ' हे फाळणीत ताटातूट झालेल्या दोन मित्रांचे चित्रपुस्तक 2007 मध्ये अनेक भाषांत काढले, त्यांत मराठीही आहे. म्हणजे वाट बंद नाही.

छपाईचे तंत्रही आता आपल्या बाजूने आहे. रंगीत चित्रपुस्तकाच्या छपाईत चित्रांचे रंग आणि काळा मजकूर यांच्या प्लेटा वेगळ्या ठेवता येतात. एका भाषेतले पुस्तक दुसऱ्या भाषेत न्यायचे तर चित्रे तशीच राहतात, फक्त मजकुराची प्लेट बदलते. नॅशनल बुक ट्रस्टने याच रीतीने एकेक पुस्तक अनेक भाषांत नेले. मेरठींची पाणचक्की, चाँदनी बकरी, चचा छक्कन ही मंडळी चांगल्या चित्रांसह मराठी मुलांपर्यंत न्यायची तर अडसर पैशाचा कमी आणि इच्छेचा जास्त आहे. जे मराठीत आधीच आले असेल, ते मोहल्ल्यातल्या वाचनालयात ठेवायलाही मोठी संस्था लागत नाही.

पण नुसत्या अनुवादाने काम भागणार नाही. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, आत्मकथने लिहिली, वाद घातले. या साऱ्यात सहा-सात वर्षांच्या मुलासाठी किती पाने लिहिली, हे प्रत्येकाने आपल्यापुरते मोजून पाहावे. नझीर अहमद सरकारी नोकरीत होते, मुहम्मदी बेगम यांच्यामागे घर आणि साप्ताहिक होते, झाकिर हुसेन यांच्यामागे कर्जात बुडालेली संस्था होती. तिघांनीही समोरच्या मुलाकडे पाहून लिहिले आणि म्हणूनच ते दुसऱ्यांच्या मुलांनाही आपले वाटले.

आपल्या घरातल्या मुलासाठी आज चोवीस पाने लिहायची आहेत. त्यात अम्मी डबा भरत असावी, अब्बू सायकलचे पंक्चर काढत असावेत, शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला आलेल्या असाव्यात आणि दुरून अजान ऐकू यावी. कोणताही सण नसावा. मंगळवार असावा.