साथीच्या दिवसांतील गांवची वेस

मराठींत 'साथ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोगाचा फैलाव होतो ती साथ, आणि संकटांत जवळ उभा राहणारा माणूस देतो तीहि साथच. या दोहोंचें वैर असें कीं, पहिली आली म्हणजे दुसरी देणें अवघड होऊन बसतें. ज्याच्या जवळ जावें त्याला आपल्यापासून धोका, अथवा आपणांस त्याच्यापासून. घरापासून दूर पडलेल्या माणसाला ही अडचण दुपटीनें जाणवते. इ. स. २०२० ची टाळेबंदी आतां इतिहासांत जमा झाली आहे, आणि तिच्याकडे शांतपणें पाहतां येईल इतका काळहि लोटला आहे. त्या दिवसांत परगांवीं अडकलेल्या लोकांनीं काळ कसा कंठला आणि त्यांच्या गांवांनीं त्यांना कसें वागविलें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. आणि त्याचा आरंभ आम्ही चिरनेर या गांवापासून करतों.

चिरनेर पूर्वीं पनवेल तालुक्यांत मोडे. आज तें रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत आहे. वाचकांस त्याचें नांव ठाऊक असेल तें २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळें. सरकारी जंगल-कायद्यानें रानावरील पिढीजात वहिवाट हिरावून घेतली, म्हणून या टापूंतील लोक अक्कादेवीच्या माळाकडे लोटले, आणि पोलिसांच्या गोळीबारांत आठ सत्याग्रही बळी पडले. ते सर्वच चिरनेरचे नव्हते. दिघोडे, खोपटे, पाणदिवे अशा शेजारच्या गांवांचेहि होते. निरनिराळ्या गांवांचीं माणसें एका जागीं आलीं, हीच त्या दिवसाची शक्ति होती. नव्वद वर्षांनीं त्याच टापूला अगदीं उलटी आज्ञा झाली: एकत्र येऊं नका, वेस ओलांडूं नका.

तशी ही आज्ञा या भागाच्या कानांवर प्रथमच पडली असें नाहीं. उरण-पनवेलचा सारा पट्टा मुंबई बंदराच्या समोरचा. येथल्या माणसाला मुंबई म्हणजे पाण्यापलीकडचें दुसरें घर. तेव्हां मुंबईंत जें होई त्याची झळ येथें लागल्यावांचून राहत नसे. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. सुमारें आठ लक्ष वस्तीच्या त्या शहरांतून पुढील कांहीं महिन्यांत लाखों माणसें बाहेर पडलीं. गिरणीकामगार, हमाल, घरगडी, कारकून, जो तो आपल्या गांवची वाट धरूं लागला, आणि त्यांच्याबरोबर रोगहि बाहेर पडला. ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. स्टेशनांवर व बंदरांवर उतारूंची तपासणी, घरांची झडती, रोग्यास इस्पितळांत आणि त्याच्या घरच्यांस निराळ्या छावणींत नेणें, हे सारे अधिकार सरकारनें हातीं घेतले. पुण्यांत या कामीं जो जुलूम झाला त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं कसा झाला, तें वाचकांस सांगावयास नको.

या इतिहासांतील एक गोष्ट मात्र पुष्कळदां नजरेंतून सुटते. लोकांचा संताप झडतीवर होता, बाटण्यावर होता, हें खरें. परंतु नेलेल्या माणसाचें पुढें काय झालें हें कळत नाहीं, ही त्यामागची मोठी धास्ती होती. जेथें खरी बातमी पोहोंचत नाहीं तेथें कंड्या पिकतात. इस्पितळांत माणसें मारतात, अशी वदंता उठली, आणि ऑक्टोबर १८९६ मध्यें आर्थर रोडवरील इस्पितळावर गिरणीकामगारांचा मोठा जमाव चालून गेला. रोगी लपवूं लागले, आणि लपविलेल्या रोग्यांमुळें रोग आणखी पसरला. बातमीचा दुष्काळ हा त्या साथीचा दुसरा रोगच म्हणावा लागेल.

खेड्यांची रीत निराळी होती. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं प्लेग आला, हें लोक अनुभवानें लवकरच शिकले; मग सारें गांव घरांना कुलुपें लावून माळावर झोपड्यांत जाऊन राही. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९८ सालीं उंदरांच्या पिसवांवाटें हा रोग पसरतो असें कराचीच्या प्रयोगांत दाखविलें. म्हणजे माळावर जाण्याची रीत शास्त्रालाहि धरूनच होती. शिवाय तींत एक मोठी सोय होती. घर सुटलें तरी शेजार सुटत नसे. गांव वेशीबाहेर गेलें तरी गांवच राही. मुंबईंत मागें राहिलेल्याशीं धागा होता तो टपालाचा. पाव आण्याचें पोस्टकार्ड १८७९ पासून आणि मनिऑर्डर १८८० पासून चालू झाली होती. ज्याला लिहितां येत नसे तो दुसऱ्याकडून चार ओळी लिहवून घेई. पैसे आले याचा अर्थ माणूस जिवंत आहे. आणि मनिऑर्डर चुकली कीं घरच्यांच्या काळजांत धस्स होई.

२०२० च्या साथीनें हा क्रम उलटा केला. कोव्हिड पसरतो तो माणसाच्या श्वासावाटें. म्हणून प्लेगांत घर सोडणें हा उपाय, तर येथें घरांत बसणें हा उपाय. कायदा मात्र तोच होता: महाराष्ट्र सरकारनें मार्च २०२० मध्यें १८९७ चाच कायदा लागू केला. २२ मार्चच्या रात्रीं मुंबईच्या लोकल गाड्या थांबल्या. २४ मार्चला रात्रीं आठ वाजतां पंतप्रधानांनीं घोषणा केली आणि मध्यरात्रीं सारा देश बंद झाला. चार तासांत घरीं कोण पोहोंचणार? घरांतच राहा, ही आज्ञा ज्याचें घर जवळ आहे त्यालाच पाळतां येते, एवढी साधी गोष्ट त्या घाईंत राहून गेली.

उरण-पनवेलच्या भागांत घरापासून दूर पडलेले लोक मुख्यतः तीन तऱ्हांचे होते. एक, न्हावा-शेवा बंदराच्या भोंवतालच्या गोदामांत आणि कंटेनरच्या ट्रेलरांवर काम करण्यास परप्रांतांतून आलेले मजूर व ड्रायव्हर. दुसरे, रायगडांतील कातकरी. हे दिवाळीनंतर बायकामुलांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, तेव्हां मार्च महिन्यानें त्यांना भट्टीवरच गांठलें. तिसरे, येथल्या घरांतून बोटींवर गेलेले दर्यावर्दी. मजुरांची दैना सर्व जगानें पाहिली. जे चालत निघाले त्यांच्यापैकीं सोळा जण ८ मे २०२० च्या पहांटे, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ, रुळांवर निजले असतां मालगाडीखालीं सांपडले. श्रमिक गाड्या १ मे पासून सुरू झाल्या, पनवेलहूनहि त्या सुटल्या. पण तोंवर सव्वा महिना लोटला होता.

मुंबईचा चाकरमानी कधीं पायीं, कधीं टेंपोंत दडून कोकणांतल्या गांवीं पोहोंचला, तों वेशीवर दगड आणि झाडांच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. ज्या मुलाच्या मनिऑर्डरीवर घर चाललें त्याच मुलाला गांवानें अडविलें, म्हणून त्या वेळीं पुष्कळ टीका झाली. आम्हांस ती सर्वस्वीं न्याय्य वाटत नाहीं. गांवांत म्हातारीं माणसेंच अधिक, मोठा दवाखाना दूर, आणि रोग शहरांतून माणसाबरोबर येतो हा तर १८९६ पासूनचा अनुभव. तेव्हां ती भीति खोटी नव्हती. प्रश्न वेस बंद करण्याचा नव्हता. वेशीशीं उभ्या असलेल्या माणसाचें पुढें काय करावयाचें, हा होता. कांहीं ठिकाणीं त्याला आल्या वाटेनें परतविण्यांत आलें. पुष्कळ गांवांनीं मात्र जिल्हा परिषदेची शाळा त्याच्यासाठीं उघडली. चौदा दिवस तेथें राहावयाचें. घरचें माणूस डबा आणून ठेवी आणि मागें सरे, मग यानें तो उचलावयाचा. ज्या वर्गांत लहानपणीं पाटी घेऊन बसला त्याच वर्गांत तो चटई टाकून निजला, आणि आईशीं कुंपणावरून बोलला. गांवाच्या आंतहि नाहीं आणि बाहेरहि नाहीं, अशी ती जागा होती. पण जागा होती.

बोटीवरील माणसाला तर असें कुंपणहि नव्हतें. करार संपला तरी बदली माणसें येईनात, बंदरें उतरूं देईनात. २०२० च्या अखेरीस जगभर सुमारें चार लक्ष दर्यावर्दी मुदत उलटूनहि जहाजांवरच अडकले होते. भारत सरकारनें एप्रिलमध्यें परवानगी दिल्यावर त्या महिन्याच्या २३ तारखेस 'मारेला डिस्कव्हरी' या प्रवासी जहाजावरील शंभराहून अधिक भारतीय खलाशी मुंबईंत उतरले. त्याआधीं घराशीं त्यांचा संबंध उरला होता तो मोबाइलच्या पडद्यावर.

या मोबाइलनें काय केलें तें मान्य केलेंच पाहिजे. २२ ऑगस्टला गणपति आले, तेव्हां कोकणांत पोहोंचूं न शकलेल्या कितीक घरांनीं गांवच्या देव्हाऱ्यासमोरची आरती व्हिडिओवर पाहिली आणि हजारों मैलांवरून टाळ्या वाजविल्या. रुग्णालयांत एकट्या पडलेल्या रोग्याच्या तोंडासमोर परिचारिकेनें फोन धरला, आणि घरच्यांनीं त्याला अखेरचें पाहिलें. १८९६ सालीं जी बातमी मिळाली नाहीं म्हणून इस्पितळावर जमाव गेला, ती बातमी या वेळीं पुष्कळांना मिळाली. परंतु फोनवर डबा पोहोंचत नाहीं. आणि ज्या मजुराचे पैसे संपले त्याचा फोनहि संपला. त्यांतच ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. विजेचे खांब पडले, फोनचे मनोरे मुके झाले, आणि मुंबईंत अडकलेल्या माणसाला आपल्या घराचें छप्पर राहिलें कीं गेलें हें दिवसचे दिवस कळेना. एका रात्रींत तो पोस्टकार्डाच्याहि मागें गेला. कोणी प्रत्यक्ष जाऊन पाहून येईल तेव्हांच निरोप.

या दोन साथींवरून आम्हांस एवढेंच दिसतें कीं, औषध रोगागणिक बदलतें. एका साथींत घर सोडावें लागतें, दुसरींत घर धरून बसावें लागतें, आणि तिसरींत काय करावें लागेल तें आज कोणीं सांगावें? दूर पडलेल्या माणसाची गरज मात्र बदलत नाहीं. त्याला निजावयास जागा हवी, दोन वेळचें अन्न हवें, आणि घरची खबर हवी. गांवची वेस रोगाला बंद असावी. या तीन गोष्टींना ती बंद असूं नये. येणाऱ्यानें कोठें राहावयाचें, त्याचा डबा कोण नेईल, त्याच्या घरीं कोण कळवील, हें प्रत्येक ग्रामसभेनें साथ नसतांनाच ठरवून ठेवावें. भीतीच्या रात्रीं वेशीवर उभे राहून असले निर्णय नीट होत नाहींत.

१२ जानेवारी २०२४ रोजीं अटल सेतु सुरू झाला, आणि शिवडीहून न्हावा-शेव्याची वाट मिनिटांवर आली. मुंबई जितकी जवळ आली तितकी पुढली साथहि जवळ आली, हें या टापूनें विसरूं नये. परंतु चिरनेरला दुसरेंहि कांहीं विसरतां येणार नाहीं. ज्या आठ जणांच्या नांवानें तें ओळखलें जातें, त्यांत वेशीबाहेरून आलेलेहि आहेत. गांवाबाहेरचा तो आपला नव्हे, असें म्हणण्याची मोकळीक निदान या गांवाला उरलेली नाहीं. आणि आमच्या मतें ती कोणत्याच गांवाला असूं नये.