यू ४७ विकणे आहे

परवा एका जुन्या नॉयमन यू ४७ मायक्रोफोनची जाहिरात वाचली. किंमत बघून म्हटलं, अहो, एवढ्यात नवीकोरी गाडी दारात येईल! मग शेवटची ओळ दिसली: 'ट्यूब मूळचीच'. मग कळलं.

कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये धातूच्या तबकडीसमोर सोन्याचा मुलामा दिलेला पातळ पडदा ताणलेला असतो. आवाजाने पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर धारिता बदलते. (कॉलेजात हे पाठ केलं होतं, समजलं आत्ता.) हा सिग्नल इतका नाजूक, की केबलमध्ये सोडण्याआधी मायक्रोफोनच्या पोटातच तो ट्यूबने सांभाळावा लागतो.

बर्लिनच्या नॉयमन कंपनीने १९४९ मध्ये यू ४७ बाजारात आणला तेव्हा या कामाला टेलिफुंकनची व्हीएफ १४ घेतली. मूळची ही रेडिओची ट्यूब! त्यातल्या कमी खरखरीच्या निवडून त्यांवर 'एम' अक्षर मारायचे. सिनात्रा याच मायक्रोफोनसमोर गायला, बीटल्सही. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस ट्यूबचं उत्पादन थांबलं आणि साठा आटल्यावर १९६५ च्या सुमारास यू ४७ सुद्धा.

पीव्हीसीचा पडदा वयाने कडक होतो, पण तो नवा बसवता येतो. ट्यूबचं तसं नाही. पुढे नॉयमननेच तिच्या जागी न्यूव्हिस्टर बसवायची सोय केली. चालतो छान, पण मग तो यू ४७ च का, यावर जाणकार अजून भांडतात.

माझी ऐपत नाहीच. तरी विकणाऱ्याला विचारलंय, झाकण उघडून 'एम' दाखवता का?