जर्बिल : कोरड्या मुलखातील प्राण्याची दुखणी

जर्बिल हा मंगोलिया व उत्तर चीनच्या रुक्ष गवताळ प्रदेशातील, उंदराच्या जातकुळीतला प्राणी. प्रयोगशाळांसाठी १९५४ साली तो जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला आणि पुढे पाश्चात्त्य घरांतील मुलांचा लाडका झाला. आयुर्मान अवघे तीन-चार वर्षांचे. शिकारी प्राण्यांच्या धाकात जगणारा हा जीव आजार लपवतो. त्यामुळे तो कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेला दिसेपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते.

त्याच्या अनेक तक्रारींचे मूळ दमट हवेत आहे. आर्द्रता ५० टक्क्यांवर गेली की केस चिकट व विस्कटलेले दिसू लागतात. डोळ्यांमागील ग्रंथीचा लालसर स्राव नाकाभोवती साचून कातडी चिघळते, केस झडतात आणि त्यात जंतुसंसर्ग होतो. हा स्राव रक्तासारखा दिसत असल्याने पालक घाबरतात. कोरडे अंथरूण आणि अंग घोळवण्यासाठी स्वच्छ वाळू मिळाल्यास सुरुवातीचा त्रास बहुधा आटोक्यात येतो.

याहून भयावह वाटतात ते झटके. पिंजरा बदलला, अनोळखी हाताने उचलले, की काही जर्बिल थरथरतात, ताठ होतात. हा दोष आनुवंशिक असून दोन-तीन महिन्यांच्या वयापासून दिसतो. अशा वेळी त्याला न हलवता शांत पडू द्यावे. काही मिनिटांत तो सावरतो.

शेपटीच्या टोकाला धरून मात्र त्याला कधीही उचलू नये. तेथील कातडी मोज्यासारखी निसटून हातात येते. उघडा पडलेला भाग वाळून गळतो व पुन्हा उगवत नाही.

खरा घातक आजार म्हणजे टायझर रोग. अस्वच्छता, गर्दी व ताण यांत तो बळावतो. जुलाब, सुस्ती आणि कधी कोणतेही लक्षण न दिसता मृत्यू. येथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे.

सतत वाढणारे दात कुरतडण्यास लाकूड नसल्यास वेडेवाकडे वाढतात. उतारवयात नरांच्या पोटावरील गंधग्रंथीवर गाठ येते, तर माद्यांच्या बीजकोशात पाण्याच्या गाठी होतात. पोटावरून अधूनमधून बोट फिरवून पाहिल्यास नराची गाठ लवकर कळते व ती शस्त्रक्रियेने काढता येते.

घरगुती औषधोपचार टाळावेत. स्ट्रेप्टोमायसिनसारखे प्रतिजैविक या प्राण्याला विषासमान असून त्याने काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो.