स्त्रीपार्ट आणि पुरुषपण : संगीत रंगभूमीवरील एक पेच

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला एक नाट्यप्रयोग डोळ्यांसमोर आणा. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' करीत आहेत. 'केसरी'त टिळकांचे सहकारी असलेल्या कृ. प्र. खाडिलकरांचे हे १९११ चे नाटक. त्यात श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि शेवटी त्याच्या शौर्यावर भाळते. त्या रात्री धैर्यधर झाले केशवराव भोसले. भामिनी झाले बालगंधर्व, म्हणजेच ३३ वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस.

म्हणजे, 'पैशापेक्षा पुरुषाचा पराक्रम मोठा' असा निर्वाळा देणारी स्त्रीही पुरुषच होती! प्रेक्षकांना यात विसंगती का वाटली नाही?

पहिले कारण सामाजिक. कुलीन स्त्रीने रंगमंचावर जाणे निषिद्ध होते आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांना समाज प्रतिष्ठा देत नव्हता. त्यामुळे स्त्रीपार्ट पुरुषांकडे आला. हे फक्त मराठीत घडले नाही. गुजराती रंगभूमीवरील जयशंकर भोजक १९०१ च्या 'सौभाग्य सुंदरी'तील भूमिकेमुळे आयुष्यभर 'सुंदरी' म्हणूनच ओळखले गेले.

दुसरे कारण असे की, स्त्रीपार्ट हे कसब मानले जाई, नटाचा स्वभाव नव्हे. केशवरावांनीही लहानपणी 'शारदा' गाजवली होती. पुढे ते नायक झाले.

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. इंग्रज राज्यकर्ते हिंदी पुरुषांना, विशेषतः बंगाली बाबूंना, दुबळे आणि बायकी म्हणून हिणवत. त्याला उत्तर म्हणून तालमी-आखाड्यांचा पुरस्कार होत होता. अशा काळात स्त्रीपार्टी नटाची हेटाळणी व्हायला हवी होती. झाली मात्र पूजा. कारण त्याने साकारलेली स्त्री पुरुषांना हवी तशी होती : लाजरी, कुलीन, पतिनिष्ठ. बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची आणि फुले माळण्याची ढब घरोघरच्या स्त्रिया उचलत. आदर्श स्त्री कशी दिसावी, हेही पुरुषच ठरवू लागला. यात पुरुषपण उणे झाले नाही. त्याचा अधिकार वाढला.

याची किंमत स्त्री-कलावंतांनी मोजली. पुरुषांच्या भूमिकाही स्वतःच करणाऱ्या स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, पण बालगंधर्वांचा मान त्यांच्या वाट्याला आला नाही. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि काळ पालटू लागला. बालगंधर्वांनी १९३५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. पण पडद्यावर पुरुष म्हणून त्यांचा जम बसला नाही.

तुमच्या प्रांतातील जत्रा, यक्षगान, नौटंकी किंवा रामलीला आठवा. तेथे स्त्रीची भूमिका कोण करीत असे? आणि ती स्त्री कोणाच्या मनातली होती? उत्तर लिहिताना हे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवा.