मसूरचें स्टेशन आणि दासगांवचें बंदर

आल्प्स पर्वत आगगाडींतून प्रथमच पाहूं इच्छिणाऱ्या मनुष्यास हल्लीं फारसें कांहीं करावें लागत नाहीं. वेळापत्रक पहावें, तिकिटें काढावीं, कोणत्या बाजूच्या खिडकींतून दऱ्या चांगल्या दिसतात याची विचारपूस करावी, रात्रीच्या मुक्कामाची जागा आधीं ठरवून ठेवावी, म्हणजे झालें. ही सोय अर्थातच एका दिवसांत निर्माण झालेली नाहीं. ऑस्ट्रियांतील सेमरिंग घाटांतून कार्ल फॉन गेगा या स्थापत्यविशारदानें बांधलेली आगगाडी १८५४ सालीं सुरू झाली. माँ सेनीचा बोगदा १८७१ सालीं व गोटहार्डचा १८८२ सालीं खुला झाला. परंतु रूळ पडले म्हणजे घरबसे लोक आपोआप प्रवासास निघतात असें नाहीं. त्यांस धीर देणारा कोणीतरी लागतो. तें काम बेडेकर (हे गृहस्थ जर्मन; आपल्या कोंकणांतले नव्हत) यांच्या १८४४ सालच्या स्वित्झर्लंडवरील मार्गदर्शक पुस्तकानें केलें, आणि पुढें टॉमस कुक यानें १८६३ सालीं इंग्रज प्रवाशांची पहिली टोळी स्वतः बरोबर राहून स्वित्झर्लंडांत हिंडवून आणली, तेव्हांपासून तें अधिकच सोपें झालें.

योगायोग असा कीं, त्याच १८६३ सालच्या एप्रिल महिन्यांत मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते आपल्या बोरघाटांतील लोहमार्गाचें उद्घाटन झालें. पंधरा-सोळा मैलांच्या चढणींत पंचवीस बोगदे आणि सदतीस फुटांस एक फूट असा चढ, हें काम सेमरिंगच्या तोडीचें होतें. त्यानंतर घाट उतरून मुंबईस जाणें ही गोष्ट मध्यम स्थितींतील कुटुंबाच्याही आवांक्यांत आली, आणि पहिल्या प्रवासाची तयारी हा आपल्याही घरांतील एक कौतुकाचा विषय होऊन बसला.

या तयारींत एक गोष्ट सर्वत्र गृहीत धरलेली असते. पैसे मोजणाऱ्या उतारूस स्टेशनाबाहेर गाडी मिळेल, वाटेंत अन्न मिळेल, आणि निदान पिण्यास पाणी तरी कोणी नाकारणार नाहीं, हें बेडेकरच्या पुस्तकांत कोठें सांगितलेलें नसतें. कारण तें सांगावें लागेल असें कोणाच्या मनांतच येत नाहीं. आमच्या प्रांतांत मात्र लाखों लोक असे होते कीं, ज्यांच्या बाबतींत ही न लिहिलेली ओळ खोटी होती. अशा लोकांच्या दोन प्रवासांची हकीकत येथें द्यावयाची आहे. पहिला प्रवास १९०१ सालचा व अगदीं लहान मुलांचा, दुसरा १९२७ सालचा.

पहिल्याची हकीकत खुद्द डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनीं लिहून ठेविली आहे. आपल्या कांहीं अनुभवांचें ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नांवाचें एक छोटेखानी टिपण त्यांनीं इंग्रजींत लिहिलें होतें. तें त्यांच्या पश्चात् १९९० सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें प्रसिद्ध केलें. १९०१ सालीं भीमरावांचें कुटुंब साताऱ्यास रहात असे. वडील रामजी सुभेदार हे खटाव तालुक्यांत गोरेगांव येथें रोखपाल होते. तेथें दुष्काळपीडितांस काम मिळावें म्हणून सरकारनें तलावाचें काम काढलें होतें. आई वारली होती. वडिलांनीं उन्हाळ्याच्या सुटींत मुलांस गोरेगांवास बोलाविलें, तेव्हां नऊ-दहा वर्षांच्या भीमरावास व त्याच्या बरोबरच्या मुलांस केवढा आनंद झाला असेल याची कल्पना ज्याचा त्यानेंच करावी.

तयारी जंगी झाली. इंग्रजी तऱ्हेचे नवे सदरे, झगझगीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकांठी धोतरें, सारें मुद्दाम करविलें. प्रवासाचा सर्व तपशील वडिलांनीं कळविला होता. निघण्याचा दिवस पत्रानें कळवा, म्हणजे उतरून घेण्यास शिपाई पाठवितों, असेंही लिहिलें होतें. त्याप्रमाणें मुलांनीं पत्र टाकलें. स्टेशन घरापासून दहा मैल; तेथवर टांगा ठरविला. वडील भावानें तिकिटें काढलीं आणि धाकट्यांस खर्चावयास दोन दोन आणे दिले. त्यांनीं लगेच लेमनेडची एकेक बाटली मागविली. एवढ्यावरून पाहतां कुक कंपनीच्याही कारभाऱ्यानें या बेतांत खोड काढली नसती.

मसूर स्टेशनावर गाडी संध्याकाळीं पांचच्या सुमारास आली. उतारू पांगले, आणि फलाटावर हीं चार मुलेंच उरलीं. न्यावयास कोणी आलें नव्हतें; पत्र वडिलांच्या चाकराच्या हातीं पडूनही तो तें द्यावयास विसरला होता, हें मागाहून कळलें. पोशाखावरून मुलें ब्राह्मणांचीं असावींत असें समजून स्टेशनमास्तर कळवळ्यानें चौकशी करूं लागला. आपण महार आहों, असें भीमरावानें सरळ सांगून टाकलें. मास्तराचा चेहरा पालटला, आणि तो आपल्या खोलींत निघून गेला. अर्ध्या तासानें तो परत आला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या पुष्कळ होत्या. परंतु मुलांची जात एव्हांना गाडीवानांस कळली होती, आणि दुप्पट भाडें देऊं केलें तरी कोणी तयार होईना. शेवटीं मास्तरानेंच युक्ति काढली: भाडें दुप्पट द्यावें, गाडी मुलांनींच हांकावी, आणि गाडीवानानें बाजूनें पायीं चालावें. मला वाटतें, या हकीकतींतील अत्यंत विचार करण्याजोगी व्यक्ति हा स्टेशनमास्तर होय. तो दुष्ट नव्हता. मुलें रात्रीं उघड्यावर पडूं नयेत असें त्यास मनापासून वाटत होतें. पण रूढि मोडण्याचें त्याच्या मनांतही आलें नाहीं. तिच्या कुंपणांतून एक फट शोधून दिली, इतकेंच.

फराळाचें सामान बरोबर भरपूर होतें, पाणी मात्र नव्हतें. वाटेंतील नदींत जें होतें तें गुरांच्या शेणामुतानें गढूळलेलें. मध्यरात्रीं जकातनाक्याशीं पोंचल्यावर, मुसलमान असल्याचें सांगून नाकेदाराकडे पाणी मागून पहा, अशी मसलत गाडीवानानें दिली. भीमरावानें तसें केलेंही, परंतु नाकेदारानें दाद दिली नाहीं. पाण्यावांचून अन्न घशाखालीं उतरेना, म्हणून मुलें उपाशींच निजलीं, आणि दुसरे दिवशीं अकराच्या सुमारास गोरेगांवास पोंचलीं.

साताऱ्याच्या शाळेंत नळाला हात लावण्याची या मुलास मनाई होती; शिपायानें तोटी सोडली तरच पाणी. तेव्हां अस्पृश्यता त्यास ठाऊक नव्हती असें नाहीं. परंतु शाळेंत ती रोजच्या व्यवस्थेचा एक भाग होती. प्रवासांत ती निराळ्या रूपानें समोर आली. दोन आण्यांस लेमनेड देणारें जग आणि दुप्पट पैसे देऊनही गाडी न देणारें जग यांच्यामध्यें केवळ कांहीं तासांच्या आगगाडीचें अंतर होतें.

आतां महाडकडे वळूं. बोरघाटानंतर १८६५ सालीं थळघाटांतूनही आगगाडी चढली. परंतु हे दोन्ही मार्ग देशावरचा कापूस व धान्य मुंबईच्या बंदरांत आणण्यासाठीं होते. दक्षिण कोंकणाच्या वांट्यास त्यांतून कांहींच आलें नाहीं. महाडास वरंध घाटानें भोरकडून व पोलादपुरावरून आंबेनळी घाटानें महाबळेश्वराकडून उतरतां येतें. दक्षिणेस कशेडीचा घाट आहे. पश्चिमेस सावित्रीची खाडी. घाटांच्या पायथ्याशीं आणि खाडीच्या माथ्याशीं असल्यामुळें जें गांव पूर्वकाळीं व्यापारास भरभराटलें, तेंच आगगाडीच्या युगांत एका बाजूस पडलें. १९२७ सालीं मुंबईहून महाडास यावयाचें म्हणजे बोटीनें धरमतरास उतरून पुढें मोटार धरावयाची, किंवा समुद्रमार्गानें सावित्रीच्या खाडींत शिरून दासगांवास उतरावयाचें, असे दोन मार्ग होते.

सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे करण्याविषयींचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं संमत केला, आणि महाड नगरपालिकेनें त्यास अनुसरून १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. ठराव कागदावर राहिला. मुसलमान, ख्रिस्ती, एवढेंच काय गुरेंढोरेंही त्या तळ्याचें पाणी पीत. अस्पृश्य मानलेला मनुष्य तेवढा पीत नसे. १९ व २० मार्च १९२७ रोजीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली, तेव्हां पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसें शंभर शंभर मैलांवरून, भाकरीचीं गांठोडीं खांद्यावर टाकून पायीं आलीं. भाकरी घरून आणतां येते; पाणी कसें आणणार? परिषदेच्या चालकांस स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. ज्या गांवांत नगरपालिकेनें खुलें केलेलें भरलें तळें आहे, त्या गांवांत! २० मार्च रोजीं मंडळी मिरवणुकीनें तळ्यावर गेली, डॉ. आंबेडकरांनीं ओंजळभर पाणी घेतलें, मागोमाग इतरांनीं घेतलें. त्यानंतर, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी अफवा उठून जो मारहाणीचा प्रकार झाला, तो सुप्रसिद्ध आहे; कित्येकांस मुसलमानांच्या घरांत आश्रय घ्यावा लागला.

डिसेंबरांतील दुसऱ्या परिषदेची तयारी या अनुभवानंतरची आहे, आणि १९०१ सालच्या तयारीशेजारीं ती ठेवून पाहण्यासारखी आहे. महाडचे स्पृश्य जागा देणार नाहींत हें धरूनच शोध झाला, आणि फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जमीन दिली. दुकानदार माल विकणार नाहींत हें धरून धान्यसामुग्री बाहेरून आणविली. मुंबईच्या मंडळीनें मार्ग कोणता घ्यावा हाही प्रश्न होता. धरमतरचा मार्ग सोयीचा. परंतु तेथून महाडपर्यंत सारी भिस्त मोटारींवर. मोटारवाल्यांनीं बहिष्कार घातला तर करावयाचें काय? दासगांव महाडापासून अवघें पांच मैल. मोटार न मिळाली तरी तेवढें अंतर चालून जातां येईल, म्हणून दासगांवचा मार्ग ठरला. मसूरच्या फलाटावर त्या मुलांनीं जें गृहीत धरलें होतें, त्याच्या नेमकें उलट गृहीत धरून हा बेत आंखलेला आहे. गाडीवान नाहीं म्हणेल, हा आतां अपघात राहिला नव्हता. वेळापत्रकाचाच तो एक भाग झाला होता. इतिहासकार सत्याग्रहाचीं भाषणें व ठराव यांचें विवेचन करतात तें योग्यच आहे; परंतु हा पांच मैलांचा हिशेब मला कोणत्याही ठरावाइतकाच बोलका वाटतो.

२४ डिसेंबर रोजीं डॉ. आंबेडकर सुमारें दोनशें प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीनें मुंबईहून निघाले, आणि २५ तारखेस दुपारीं साडेबाराच्या सुमारास दासगांवास पोंचले. बंदरावर हजारों लोक वाट पहात होते, पोलीस अधिकारीही होते. मंडळी रांगा करून महाडास चालत गेली. त्याच रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्यावर मात्र यावेळीं पाणी घेतलें नाहीं. दिवाणी न्यायालयानें १४ डिसेंबर रोजीं तात्पुरता मनाईहुकूम काढला होता, म्हणून परिषदेनें तळ्यास मिरवणुकीनें वळसा घालण्यावर समाधान मानलें. तो दावा लांबत गेला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास १७ मार्च १९३७ उजाडला.

मध्यंतरीं, १९२९ सालीं, सरकारी समितीचे सभासद या नात्यानें धुळ्याकडून परतत असतां डॉ. आंबेडकर चाळीसगांव स्टेशनावर उतरले. तेथील महारवाड्यांत त्यांस नेण्यासाठीं लोक आले होते. टांगेवाल्यांनीं टांगा हांकण्याचें नाकारलें. टांगा मात्र भाड्यानें देऊं केला, हांकावयाचा ज्याचा त्यानें. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं मसूरास निघालेली तीच तडजोड! पाहुण्यास पायीं नेणें लोकांस कमीपणाचें वाटलें, म्हणून ज्यास टांगा हांकण्याची संवय नाहीं असा एकजण पुढें बसला. नदीवरील मोरीवर चाक दगडांत अडकलें, घोडा टांग्यासकट खालीं गेला, डॉ. आंबेडकर दगडी फरसावर फेंकले जाऊन त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर, कायदे कौन्सिलाचा सभासद, आणि चौकशी समितीवर नेमलेला मनुष्य. त्याचाही प्रवास गाडीवानाच्या होकारापाशीं येऊन थांबत होता.

महाडच्या बाजूस आगगाडी यावयास विसाव्या शतकाचें अखेरचें दशक लागलें. कोंकण रेल्वेचा रोहा ते वीर हा पहिला तुकडा १९९३ सालीं सुरू झाला, व २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गानें गाड्या धांवूं लागल्या. ७४१ किलोमीटरांच्या या मार्गावर ९१ बोगदे असून, रत्नागिरीजवळील करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. वीरच्या पुढें गाडी करंजाडी, विन्हेरें, दिवाणखवटी अशी खेडकडे डोंगर पोखरीत जाते. आल्प्सची हौस असणाऱ्या कुटुंबानें प्रथम हा दोन-चार तासांचा टप्पा पावसाळ्यानंतर पहावा, असें मी सुचवीन; खर्च थोडा, आणि डोळ्यांस समाधान मोठें.

महाडास जावयाचें तर वीर स्टेशनावर उतरावें. तेथून गांवाकडे जातांना वाटेंतच दासगांव लागतें. पुढला रस्ता पायीं चालून पहावयाचा असेल, तर डिसेंबरची सकाळ चांगली. २० मार्च व २५ डिसेंबर या दिवसांच्या आसपास तळ्यावर दूरदूरच्या लोकांची मोठी गर्दी लोटते, म्हणून त्या सुमारास जाणाऱ्यांनीं मुक्कामाची जागा आधीं ठरवून ठेवावी.