तिऱ्हाइताचा इतिहास

मराठीत 'तिऱ्हाईत' हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो, त्यात एक प्रकारचा अलिप्तपणा गृहीत असतो. ज्याचा व्यवहाराशी संबंध नाही, ज्याला त्यातून काही मिळायचे नाही आणि ज्याचे काही जायचेही नाही, तो तिऱ्हाईत. 'त्रयस्थ' हा त्याचा संस्कृत भाऊबंद तर समीक्षेच्या परिभाषेत एक सद्गुणच होऊन बसला आहे. त्रयस्थपणे लिहिणाऱ्याचे आपण कौतुक करतो. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'तीन' आहे. मात्र हाच तिसरा माणूस मोटारविम्याच्या कायद्यात शिरला, की शब्दाचा अर्थ पुरता उलटतो. तिथे पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा पक्ष विमा कंपनी, आणि तिसरा पक्ष म्हणजे गाडीखाली सापडलेला माणूस. करार पहिल्या दोघांत होतो. हाडे तिसऱ्याची मोडतात.

आम्ही दोघे सिंधुदुर्गात मराठी शिकवतो. कायदा हा आमचा विषय नव्हे. या विषयाशी आमची गाठ पडली ती आमच्या ग्रंथालयातील एका परिचरामुळे. २०११ च्या पावसाळ्यात कसाल–मालवण रस्त्यावरच्या एका वळणावर त्यांच्या स्कूटरला मासळीच्या टेम्पोने धडक दिली. मांडीचे हाड मोडले, पाय दीड इंचाने आखूड झाला. चूक टेम्पोचालकाचीच होती याविषयी पुढे वाद झाला नाही. वाद झाला तो वेगळाच: टेम्पोचा विमा अपघाताच्या दोन महिने आधी संपलेला होता. ओरोसच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निवाडा २०१५ मध्ये आला, तेव्हा इंग्रजी प्रत घेऊन ते आमच्याकडे आले. "वाचून सांगा" म्हणाले. आम्ही शब्दकोश घेऊन बसलो. 'तिसरा पक्ष' या शब्दांपाशी त्यांनी थांबवले. "सर, हो तिसरो कोण? गाडयेखाली गावलंय तर मी!"

या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

मोटारी येण्यापूर्वीही अपघाती मृत्यूची भरपाई मागण्याचा कायदा होता, तो १८५५ चा. रेल्वे सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. पण त्याखाली दिवाणी न्यायालयात रीतसर दावा लावावा लागे, कोर्ट फी भरावी लागे, आणि निकाल लागल्यावर पैसे मिळणे हे सर्वस्वी प्रतिवादीच्या ऐपतीवर अवलंबून राही. इंग्लंडमध्ये मोटारींची संख्या वाढल्यावर हा ऐपतीचा प्रश्न उघडा पडला. १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने तिथे तिसऱ्या पक्षासाठीचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आठवे प्रकरण याच विषयावर लिहिले गेले, पण ते लगेच लागू झाले नाही. मध्ये युद्ध आले. आठवे प्रकरण अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. योगायोग असा, की त्याच १९४६ साली इंग्लंडमध्ये विमा कंपन्यांनी एकत्र येऊन एक मंडळ स्थापले; विमा नसलेल्या गाडीने कोणाला ठोकरले तर त्याची भरपाई या मंडळाने द्यायची, असा सरकारशी करार केला. म्हणजे सक्ती करूनही काही लोक ती मोडणारच, हे तिथे सोळा वर्षांत लक्षात आले होते. आपण सक्ती घेतली. मंडळ घेतले नाही. या एका वगळलेल्या गोष्टीचा हिशेब आपण अजून चुकता करीत आहोत, असे आम्हांला वाटते.

१ जुलै १९४६ ही तारीख आमच्या किनाऱ्यावर कशी उगवली असेल, याचा विचार करताना थोडी गंमत वाटते. मालवण, देवगड, वेंगुर्ले ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. कुडाळ आणि बांदा सावंतवाडी संस्थानात. आणि बांद्याच्या पलीकडे पोर्तुगीज गोवा. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानाच्या हद्दीत आपोआप लागू होत नसे. तेव्हा मालवणहून निघून कुडाळमार्गे गोव्याला जाणारी एखादी मोटार दिवसभरात तीन राज्यसत्तांच्या तीन कायद्यांतून धावे, आणि तिच्याखाली सापडणारा माणूस 'तिसरा पक्ष' आहे की नुसताच दुर्दैवी, हे तो कोणत्या हद्दीत पडला यावर ठरत असे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा त्यातली एक सीमा पुसली. दुसरी पुसायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. अर्थात त्या काळात या भागात मोटारी होत्या किती? आमच्या आजोबांच्या पिढीची मुंबई बोटीने गाठली जाई. किनाऱ्यावरच्या माणसाला प्रवासातला धोका माहीत होता, पण त्याच्या मनात तो समुद्राचा होता, रस्त्याचा नव्हे.

रस्ता घरोघर पोचवला तो एस.टी.ने. इथे कायद्यातली एक चमत्कारिक तरतूद सांगितली पाहिजे. शासकीय वाहतूक उपक्रमाच्या गाड्यांना सक्तीच्या विम्यातून सूट देण्याची मुभा पहिल्यापासून आहे. अट एवढीच, की भरपाईसाठी उपक्रमाने स्वतःचा निधी राखावा. १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्येही ती कायम राहिली. म्हणून एस.टी.च्या दाव्यात विमा कंपनी सहसा दिसत नाही. महामंडळच स्वतःच्या निधीतून देणे भागवते. ज्या लाल गाडीवर कोकणाने सर्वांत जास्त विश्वास टाकला, ती रूढ अर्थाने विमा नसलेली गाडी आहे. फरक इतकाच, की तिचा मालक पत्ता बदलून पळून जाऊ शकत नाही.

दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे आली ती १९५६ च्या दुरुस्तीने. पण विमा असला तरी तो पुरेसा असे, असे मात्र नाही. विमा कंपनीने किती द्यायचे यावर कायद्यानेच झाकण ठेवले होते. मालवाहू गाडीसाठी ही मर्यादा वीस हजार रुपये होती, 'एकूण'. १९६९ मध्ये ती पन्नास हजार झाली. बसमधील प्रवाशाच्या वाट्याला त्या दुरुस्तीनंतरही दरडोई पाच हजारच होते. त्यापुढची रक्कम मालकाच्या खिशातून, म्हणजे बहुधा कोठूनही नाही.

या मर्यादेवरून सर्वोच्च न्यायालयात जो वाद झाला, तो साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असे आम्ही सुचवू. १९६६ च्या फेब्रुवारीत अहमदाबादच्या नरोडा रस्त्यावर एक ट्रक आणि एक मोटार यांची टक्कर झाली. मोटार चालवणारा गेला, शेजारी बसलेला जखमी झाला. कायद्याचे शब्द असे होते, की 'कोणत्याही एका अपघाता'बाबत विम्याने अमुक मर्यादेपर्यंत दायित्व पेलावे, आणि ती मर्यादा 'एकूण' वीस हजार. कंपनीचे म्हणणे सरळ होते: टक्कर एक, म्हणून अपघात एक, म्हणून वीस हजारांतच दोघांचे भागवा. १९८१ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी निकाल दिला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आमच्या शब्दांत सांगायचा तर असा: 'अपघात' हा शब्द कोणाच्या नजरेतून वाचायचा? गाडीच्या नजरेतून पाहिले तर घडले ते एकच. पण ज्याला ते सोसावे लागले त्याच्या नजरेतून पाहिले, तर जितकी माणसे जायबंदी तितके अपघात. शब्द दोन्ही अर्थ पेलतो. कायद्याचा हेतू जखमींना भरपाई मिळावी हा आहे. तेव्हा दुसरा अर्थ घ्यावा. वीस हजारांची मर्यादा प्रत्येक जखमीमागे स्वतंत्र ठरली.

एकाच घटनेचे निवेदन कोणाच्या दृष्टिकोनातून करायचे, हा प्रश्न आम्ही कादंबरी शिकवताना वर्गात दरवर्षी विचारतो, आणि त्यावर परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न काढतो. इथे त्याच प्रश्नाच्या उत्तरावर एका कुटुंबाची भरपाई ठरली. 'एकूण' या शब्दाला त्या वाचनात थोडे दाबून बसवावे लागले, हे मान्य केले पाहिजे. काटेकोर व्याकरणाच्या बाजूने पाहिले तर कंपनीचा पक्ष अगदीच लंगडा नव्हता. तरीही चंद्रचूडांचे वाचन आम्हांला अधिक खरे वाटते, कारण ते शब्दाला माणसापाशी आणून सोडते. (आमचा जिल्हाही त्याच वर्षी, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. हा निव्वळ योगायोग. पण तारखा पाठ करायला बरा.)

दुसरा अडसर चुकीच्या पुराव्याचा होता. मालकावर दायित्व येण्यासाठी चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध व्हायलाच हवा का, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात उदार भूमिका घेतली होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. पण त्याच सुमारास न्या. कृष्ण अय्यर आपल्या निकालांतून संसदेला पुन्हापुन्हा टोचत होते, की रस्त्यावर मरणाऱ्या गरिबाकडून चुकीचा पुरावा मागणे थांबवा. १९८२ ची दुरुस्ती आली. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार. आणि ठोकर देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर एका निधीतून मृत्यूला पाच हजार व गंभीर दुखापतीला एक हजार. आकडे आज केविलवाणे वाटतात. पण ज्याचा प्रतिवादीच नाही अशा माणसालाही काही देणे लागतो, हे तत्त्व त्यातून प्रथम मान्य झाले. हीच रक्कम १९९४ मध्ये पंचवीस हजार व साडेबारा हजार झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख व पन्नास हजार.

१९८८ च्या कायद्याने तिऱ्हाइताच्या मृत्यू-दुखापतीपुरते झाकण काढून टाकले. ठरेल ती सगळी भरपाई विमा कंपनीने द्यायची. 'अपुरा विमा' हा प्रश्न कागदावर तरी बराचसा मिटला. मात्र तिसरा पक्ष कोण, हा प्रश्न मिटला नाही, आणि कोकणात तो टेम्पोच्या हौद्यात बसलेला आढळतो. बंदरावरून मासळी घेऊन निघालेल्या टेम्पोत पाटी घेऊन बसलेली बाई, आणि तिच्याच शेजारी बाजाराला म्हणून फुकट चढलेली तिची जाऊ, या दोघी कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतून मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाला विम्याचे छत्र दिले. फुकट प्रवाशाला दिले नाही. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टच केले. गाडीचा विमा चालू, हप्ता भरलेला, आणि तरीही जावेच्या वाट्याला विमा नाही. लग्नाचे वऱ्हाड टेम्पोतून नेणारी आमची गावे ही गोष्ट जाणत नाहीत.

आणि विमाच नसेल तर? सक्ती मोडणाऱ्याला दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दोन हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. तो दंड सरकारजमा होतो, जखमीला त्यातला छदाम मिळत नाही. निवाड्याची रक्कम मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. आमच्या परिचरांनी तेही केले. टेम्पोमालकाच्या नावे एक सातबारा निघाला, त्यावर सामाईकात सतरा नावे, त्यातली अकरा मुंबईला. तसल्या अविभक्त हिश्शाला गिऱ्हाईक मिळणे कोकणात अशक्यच. टेम्पो तोवर पतसंस्थेने कर्जापोटी ओढून नेला होता. परिचरांच्या स्वतःच्या स्कूटरचा विमा चालू होता, म्हणून आम्ही आशेने ती पॉलिसी उघडली. तिच्यात मालक-चालकासाठी एक लाखाचे वैयक्तिक अपघात संरक्षण होते (२०१८ नंतर ते पंधरा लाख झाले), पण ते मृत्यू, अवयव वा दृष्टी गमावणे आणि संपूर्ण कायमचे अपंगत्व यांपुरते. आखूड झालेला पाय हा गमावलेला पाय नव्हे. अमेरिकेत अशा प्रसंगासाठीच, म्हणजे समोरच्याकडे विमा नसेल किंवा अपुरा असेल तर आपलीच कंपनी आपल्याला भरपाई देईल असा विमा मिळतो. १९५७ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने तो कायद्यात आणला. गमतीची बाब अशी, की त्याच राज्यात गाडीचा विमा काढण्याची सरसकट सक्ती आजही नाही.

आपल्याकडे बदल झाले ते उशिरा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा परिणाम. त्याच महिन्यात त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की अपघातातील गाडीला विमा नसेल तर मालकाने पुरेसे तारण दिल्याशिवाय ती सोडू नका, तीन महिन्यांनी लिलावात विका, आणि पैसे न्यायाधिकरणात भरा. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेप्रमाणे रस्ता अपघातातील जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न मागता व्हायचे आहेत, ठोकरणाऱ्याचा विमा असो वा नसो.

हे सगळे २०११ नंतरचे. परिचर गेल्या वर्षी निवृत्त झाले. निवाड्यातील रकमेपैकी चौथा हिस्साही त्यांच्या हाती आलेला नाही. जो आला, तो टेम्पोमालकाने स्वतः, दोन चतुर्थ्यांना, घरी येऊन दिला होता. पुढे त्याचीच होडी वादळात फुटली आणि ते येणे थांबले. निवाड्याचे आम्ही केलेले मराठी भाषांतर त्यांनी मागून घेतले होते. ते अजून त्यांच्या कपाटात आहे. 'तिसरा पक्ष' हे शब्द त्यात जिथे जिथे आले, तिथे तिथे त्यांनी पेन्सिलीने आपले नाव लिहून ठेवले आहे.